दिसणारं दुखणं

आई, आज तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू नाहीस म्हणून कागदावर भांडते आहे.

तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इंदौरजवळच्या राऊ गावच्या सरकारी दवाखान्यात तू लस टोचायचीस, ते दिवस तर त्याच्याही आधीचे. शाळा सुटली की मी तिथे येऊन बाकावर बसते. एखादी बाई घाबरून पोराला परत घेऊन येते, "सिस्टरजी, पैर सूज गया," म्हणते. तू तिला हसत नाहीस. सुजेभोवती बॉलपेनने गोल काढतेस आणि दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून तिच्या दारात जातेस, सूज गोलाबाहेर गेली का ते बघायला. मागे दप्तर घेऊन फरफटत मी. बहुतेकदा काही झालेलं नसायचंच, तरी तू जायचीस. मला त्या पोरांच्या मांड्यांचा राग यायचा. एकदा डोकं दुखतंय म्हणाले, तर पोळी लाटता लाटता तू म्हणालीस, "तुला काय धाड भरलीय? धडधाकट आहेस."

करोनाची दुसरी लस घेतली आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या डाव्या हाताला मुंग्या येतात, कानात शिट्टी वाजते. चार वर्षं झाली. लशीमुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तुझी मुलगी आहे, लशीला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण तेव्हापासूनच आहे. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मॅडम, आप सोचती बहुत हैं." धाकटा म्हणाला, "ताई, अख्ख्या इंदौरने घेतली ना लस? तुलाच कसं होतं यार?" मग लशीने त्रास झाला म्हणणाऱ्यांच्या मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये शिरले. तिथे दोन ओळी लिहिताच सगळ्यांनी 'लशीमुळेच' म्हणून शिक्का मारला. कोणता हात, हेही कुणी विचारलं नाही. न बघता खोटं ठरवणारे आणि न बघता खरं ठरवणारे, मला दोघेही सारखेच वाटले. बाहेर पडले.

गेल्या उन्हाळ्यात भावजयीचा अर्धा चेहरा वाकडा झाला. सकाळी चहाचा घोट ओठांतून गळला आणि घर हादरलं. चेहऱ्याची नस सुजली होती. विजय नगरात आम्ही एकत्रच राहतो. फ्लॅटवर माणसांची रीघ लागली. "अरे, बिचारी!" मी त्या सगळ्यांना चहा करत होते, याच हाताने. धाकटा तिला चमच्याने दलिया भरवत होता. मी जळत होते, आई. दुसरा शब्द नाही. तिला कसं छान दिसणारं दुखणं मिळालं होतं! दोन महिन्यांत ती बरी झाली. पहिल्यांदा सरळ हसली, तेव्हा मला आनंद व्हायला जरा वेळच लागला.

मागच्या आठवड्यात एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "शुरू से बताइए. कौन सा हाथ? टीके के कितने दिन बाद?" मी सांगत होते, त्या लिहीत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं लिहून घेत होतं. हात झाला, कान झाला, पेन थांबलं. ते थांबलेलं मला सोसवलं नाही. मी म्हणाले, "और आधा चेहरा भी टेढ़ा हो गया था." चहा गळल्याचंसुद्धा सांगितलं. त्यांनी मला कपाळाला आठ्या घालायला लावल्या, गाल फुगवायला लावले. "तब किसको दिखाया था? कोई फोटो?" मी पर्स उघडून उगाच आत बघितलं. त्यांची नजर आधी लिहिलेल्या ओळींवरून वर वर गेली, पार हाताबद्दलच्या पहिल्या ओळीपर्यंत, आणि त्यांनी पेनला टोपण लावलं. रागावल्या नाहीत. झोपेची गोळी लिहून दिली.

हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. घरी येऊन मी सांगितलं की याही बाईंनी माझं ऐकून घेतलं नाही. धाकटा पहिल्यांदाच माझ्या बाजूने चिडला. "ये तो गलत है, ताई," म्हणत शेजारी येऊन बसला आणि माझा डावा हात त्याने आपल्या हातात घेतला, कुठे मुंग्या येतात ते बोटाबोटाने विचारू लागला. मी त्याला एकेक बोट दाखवत राहिले. खरं काय घडलं ते अजून सांगितलेलं नाही.