पणजोबांच्या भिंतीतला गूळ

नेरडीगोंडा,
कार्तिक वद्य चतुर्थी

ती. शामरावदादांच्या पायाशी गोपाळचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा सातच अंगं टेकली असं समजावं.) तुमचा दमा, वहिनींचा गुडघा आणि मंचेरियलचा धूर तिन्ही बेतात असतील अशी आशा आहे. मी ठीक आहे, म्हणजे बायको माहेरी निघून गेलेला माणूस जेवढा असतो तेवढा. तुमची बहीण दिवाळीआधी तिकडे आली ती आलीच. ती का परतत नाही याची एकच बाजू तुमच्या कानावर गेली असणार, म्हणून दुसरी लिहितो.

पावसात आमच्या पडवीची भिंत बसली. वनमाला म्हणाली, "सिमेंट आणा न. काऊन जीव खाऊन राह्यले?" आता दादा, आमचं घर म्हणजे काही कोणाचंही घर नाही. निजामाच्या अमदानीत पणजोबांनी ते बांधलं तेव्हा चुन्यात गूळ, बेलाचा गर आणि उडदाचं पाणी घातलं, म्हणून तर आजवर टिकलं. (मागची खोली, न्हाणी आणि आता पडवी सोडून.) वडील सांगत, दोन गाड्या गूळ लागला. काका सांगत, चार. मी वर्गात मुलांना सहा सांगतो. अशा घराला सिमेंट लावायचं? मी साफ नाही म्हणालो. "अंगणात सिमेंटचं पोतं दिसन तवाच येईन," असं म्हणून तिनं बस धरली.

मग मला कोण अडवणार! बाजारातून काळा गूळ पोत्यानं आणला, मोठ्या ड्रमात भिजवला, बेलाचा गर घातला, वर गोणपाट बांधलं आणि वनमालेला कौतुकानं कार्डावर कळवलंही. उत्तर नाही. मारोती मेस्त्री उद्या येतो म्हणून गेला तो आधी तेरवीत, मग जत्रेत अडकला. तोवर ड्रम फसफसू लागला, वास पार बसथांब्यापर्यंत. शेजारच्या फकिराची म्हैस त्यात तोंड घालून गेली आणि सकाळी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात घोरताना सापडली. राज्यात दारूबंदी आहे, काळा गूळ आणणारा तो गुडुंबा, म्हणजे चोरटी दारू, गाळणारा असा सगळ्यांचा समज आहे, इथल्या दारूबंदी समितीचा चिटणीस मी आहे आणि महिला मंडळाची अध्यक्ष तुमची बहीण, हे सगळं मला त्या दिवसांत का सुचलं नाही, विचारू नका.

अबकारीची जीप थेट अंगणात आली. साहेबांनी गोणपाट उचललं. "एंदी सार इदि?" हे काय आहे म्हणे. मी म्हणालो, "गोडा, सार." म्हणजे भिंत. त्यांनी ड्रमात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पणजोबांपासून समजवायला घेतलं, पण निजामापर्यंत पोचायच्या आत त्यांनी ड्रम लवंडला. आमच्या घराच्या इतिहासात ज्यांना कधी रस नव्हता, ती मंडळीसुद्धा मोरीकाठी हळहळत उभी होती. हेडमास्तर वामनरावांनी शब्द टाकला म्हणून मी जीपमध्ये बसलो नाही, एवढंच. पण त्या दिवसापासून घर खायला उठतं. वनमालेशिवाय मला करमत नाही, हे उघडच लिहितो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
गोपाळ

ता. क. वनमालेला समजावून पाठवा. घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, हट्ट सोड म्हणावं.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच मारोती उगवला. त्यानं पणजोबांची उरलेली भिंत फोडली. आत नुसती माती आणि कुटाराचा भुसा. "गुरुजी, यात गूळ नाई. तुमच्या पणजोबानं खाल्ला असन," म्हणाला. वरची ता. क. वाचू नये.

ता. क. आज बाजारात अबकारी साहेब भेटले. खबर कोणी दिली होती विचारलं, तर हसायलाच लागले. "महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी. मंचेरियलहून फोन होता." दादा, फोन तुमच्याच घरचा ना? असो. राग नाही. सिमेंटची पोती आणली आहेत. अंगणात नाही, रस्त्याच्या कडेला रचली आहेत, बसच्या खिडकीतून दिसतील अशी. तेवढं तिला सांगा.