कोरड्या ऋतूतले ठणठणीत बाबा

अखंडशुष्कहवामंडित, दूरध्वनिवैद्यकविशारद, पितृभक्तशिरोमणी ज्येष्ठ बंधू दादा यांचे चरणी दमट खोलीतील कनिष्ठाचा साष्टांग दंडवत.

दरवर्षी आकाश निरभ्र झाले की आपले आगमन होते. तेव्हा बाबा जिने चढतात, विनोद करतात आणि आपण निदान करता, "बाबा ठणठणीत आहेत रे! तू उगाच बाऊ करतोस." आपले प्रस्थान होताच ऋतू पालटतो, भिंतीवर बुरशी उगवते आणि बाबांच्या छातीचा भाता सुरू होतो. हे दमट महिने त्यांनी आपल्याकडील कोरड्या हवेत काढावेत, असे डॉक्टरांनी बजावले. आपण फोनवर वदलात, "त्यांना प्रवास झेपायचा नाही. वाफ दे." या पितृभक्तीची मला किळस येते.

परंतु एक कबुली. परवा त्यांचे थुंकीचे भांडे धुताना मला शिसारी आली आणि मी तोंड फिरवले. बाबांनी ते पाहिले. "राहू दे रे, मी धुतो," म्हणाले. तेव्हापासून मी खोलीत शिरलो की ते खोकला दाबून धरतात. चेहरा जांभळा पडतो, पण खोकत नाहीत. आता माझीच मला अधिक किळस येते.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. उत्तरी आपण "वाफ दे" एवढेच लिहाल.

आपला,
पात्रप्रक्षालनधुरंधर धाकटा

ता. क. वाफेच्या यंत्राचे झाकण गेल्या खेपेस, स्वतःची सर्दी बरी झाल्यावर, आपण सोबत नेले आहे. वर बशी ठेवून पाहिली. ती बसत नाही.