आमच्या गल्लीत असं कोणी राहत नाही

सान पेद्रो,
रविवार, जेवण झाल्यावर

प्रिय फ्रेदेस्विंदाताईस,

आधी आशीर्वाद दे. (तू तिकडे सान्तियागोला 'देव तुझं भलं करो' असं पुटपुटेपर्यंत मी पेन खाली ठेवून थांबलो आहे, असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? तुमच्याकडच्या डोंगराळ हवेचं तू कितीही कौतुक केलंस तरी ती गुडघ्यांना मानवत नाही, हे माझं मत कायम आहे. इकडे आम्ही खुशाल. तोमासिनाचं ब्लडप्रेशर मी घराबाहेर असलो की नीट असतं. यार्लेनी आठ वर्षांची झाली. तिचे पुढचे दात पडलेत आणि त्या फटीतून ती शिट्टी वाजवते. (तुला आवडणार नाही. मला फार आवडतं.)

पत्राला कारण असं काही नाही. आमच्या वकीलबाई पोलांको यांच्याबद्दल कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि गल्लीतल्या सगळ्यांना त्या ठाऊक असल्यामुळे तूच तेवढी उरलीस.

तुला माहीतच आहे, यार्लेनीची आई आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. बाळंतपणानंतर ती तापाने गेली, बापाचा पत्ता तिलाही नव्हता, आणि पोर आमच्याकडे राहिली. आपल्याकडे अशा मुलाला वाढवलेलं मूल म्हणतात आणि विषय संपतो. निम्मी गल्ली अशीच वाढली आहे, कागद कोणाकडेच नाही. पण यंदा शाळेने पालकत्वाचा कागद मागितला. मी इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेलो, तर तिथल्या माणसाने अतिशय गोड आवाजात मला सांगितलं, की कायद्याने मी या मुलीचा कोणीच नाही, आणि प्रकरण उजेडात आलंच आहे तर तिला दुसऱ्या एखाद्या रीतसर कुटुंबात ठेवावं लागेल. म्हणजे मी आपल्या पायांनी चालत जाऊन मुलगी घालवायची सोय करून आलो. तोमासिनाने त्या दिवशी मला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. रात्री केळी सोलताना ती रडली. मीही रडलो, पण अंगणात.

वकीलबाई चर्चच्या मागच्या खोलीत गोरगरिबांची कामं फुकट करतात. बुटक्या आहेत, अंगाने भरलेल्या आहेत, आणि कोर्टाचा काळा झगा बेकरीच्या पिशवीत कोंबून भाड्याच्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय टाकून बसतात. मोटारसायकलवाला वेगाने गेला तर त्याच्या टाळक्यात टपली मारतात. मी माझी कहाणी साखर कारखान्यात लागलो तिथपासून सुरू केली. बाई तळलेली केळी खात ऐकत होत्या. मी गावावर आलेल्या मोठ्या वादळापर्यंत पोचल्यावर म्हणाल्या, "एलिखियोकाका, तुमचं आयुष्य मोठं रंगतदार आहे, पण त्यात मुलगी कधी येते?" मी त्याच क्षणी त्यांचा भक्त झालो.

त्यांनी दत्तकाचा अर्ज टाकला आणि सांगितलं की मुलांच्या खात्याची एक बाई घर बघायला आणि शेजाऱ्यांना विचारायला येईल. आम्ही घर धुतलं, भिंत रंगवली. फक्त एक गोष्ट राहिली: गल्लीला सांगायची. आता आमच्या गल्लीची रीत तुला माहीत आहे. विजेच्या खांबावरून आमच्याकडे ज्या तारा येतात त्यांतल्या निम्म्या वीज कंपनीने टाकलेल्या नाहीत. त्यामुळे काखेत फाइल घेऊन कोणी आलं की आमच्याकडे कोणी कोणाला ओळखत नाही. त्या बाईने कोपऱ्यावरच्या दुकानात निकानोरला विचारलं, मोता कुटुंब (म्हणजे आम्ही) कुठे राहतं? निकानोर डोमिनोच्या सोंगट्यांवरची नजर न हलवता म्हणाला, "मोता? आमच्या गल्लीत असं कोणी राहत नाही." समोर माझ्या विजारी वाळत होत्या. "हे घर वादळापासून रिकामंच आहे." शेजारच्या सुनिल्दाने डोळ्यांत पाणी आणून आम्ही दोघं कधीच वारलो असं सांगितलं. शेवटी त्या बाईने पायरीवर बसलेल्या एका मुलीला विचारलं, बाळ, इथे यार्लेनी नावाची मुलगी राहते का? यार्लेनी म्हणाली, नाही, आणि मी पण नाही राहत.

(आम्ही मागच्या अंगणात, कॉफी तयार ठेवून, पाहुणीची वाट बघत होतो.)

अहवाल आला की कुटुंब नाही, घर नाही, मूल नाही. मला वाटलं वकीलबाई फाइल माझ्या तोंडावर फेकतील. त्या इतक्या हसल्या की खुर्चीला धरून बसल्या. मग थेट दुकानापाशी आल्या, डोमिनोच्या टेबलावर जागा करून घेतली, निकानोरला सलग हरवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही माणुसकीने खोटं बोललात, मला मान्य आहे. पण त्या बाईने तुमचं खरं मानलं तर पोर जाईल. पुढच्या वेळी तोंड उघडा."

तोंड उघडलं, आणि ते बंद होईना. दुसऱ्या खेपेला निकानोरने सांगितलं की मी दारूला कधी शिवलो नाही. सुनिल्दाने सांगितलं की या घरात आवाज म्हणून चढत नाही आणि मुलगी तिन्ही त्रिकाळ मटण खाते. कोणीतरी तोमासिनाला संत करून टाकलं. त्या बिचाऱ्या अधिकारी बाईने लिहिलं: साक्षीदार पढवलेले वाटतात. तिचं काय चुकलं? मला स्वतःला ते कुटुंब ओळखू येईना.

आता प्रकरण न्यायाधीशबाईंपुढे गेलं. वकीलबाईंनी झगा चढवला (पाठीला बेकरीचं पीठ लागलेलं, सांगायची कोणाची हिंमत नव्हती), निकानोरला उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला: या माणसाबद्दल तुमची तक्रार काय आहे?

निकानोर माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे. मग त्याचा बांध फुटला. म्हणाला, "बाई, हा माणूस डोमिनोला जोडीदार म्हणून कुचकामी आहे. डाव जिंकत आला असला तरी शाळा सुटायची वेळ झाली की सोंगट्या टाकून उठतो. मी बोंबलत बसतो." सुनिल्दाला तर विचारावंही लागलं नाही, ती आपणहून सुरू झाली: तोमासिना रोज संध्याकाळी पोरीच्या नावाने अशा हाका मारते की माझं लक्ष उडतं आणि घेवडा करपतो. पोरीचे पाढे नवरा-बायको इतक्या मोठ्याने घेतात की माझ्या पोपटालाही सातचा पाढा येतो. पोरीला गोवर आला होता तेव्हा या एलिखियोने आठवडाभर गल्लीत कोणाला गाणी लावू दिली नाहीत, दारोदार फिरून रेडिओ बंद केले.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "आठवडाभर? शनिवारीसुद्धा?"

"शनिवारीसुद्धा," सुनिल्दा म्हणाली, आणि अख्खी गल्ली मागच्या बाकांवरून 'हो, हो' करू लागली. सगळ्यांना तो बिनगाण्याचा शनिवार अजून डाचतो आहे.

ताई, मी त्या बाकावर बसून माझी इतकी निंदा ऐकली, आणि आयुष्यात मला कोणी इतकं मोठं केलं नव्हतं. मी बाप आहे की नाही, हे कोर्टाला या तक्रारींशिवाय दुसरं काही सांगू शकलं नसतं. हे वकीलबाईंना सुचलं. मी कारखान्यात मोठे मोठे साहेब पाहिले, पण असं डोकं पाहिलं नाही. मी त्यांचे हात धरून ठेवले; त्या म्हणाल्या, काका, सोडा, मोटारसायकल थांबली आहे.

तर एवढंच. भावजींना नमस्कार. मधाचा आणि आल्याचा काढा त्यांना तीन वेळा द्यावा.

तुझा धाकटा भाऊ,
एलिखियो

ता. क. निकाल अजून लागलेला नाही, हे लिहायचं राहिलं. आमची वयं बघून न्यायाधीशबाई म्हणाल्या की हे दोघं गेल्यावर मुलीचं कोण? यांच्या रक्ताच्या नात्यातलं कोणीतरी समोर आणा. त्याशिवाय त्या सही करणार नाहीत. सुनावणी गुरुवारी सकाळी आहे. बुधवारच्या बसने आलीस तर मी स्टँडवर उभा असेन.

दुसरा ता. क. येताना माझं कौतुक करायची तयारी करू नकोस. वकीलबाईंचा निरोप आहे की सगळ्यात जास्त तक्रारी असलेलं माणूस आणा, म्हणून मी लगेच तुझं नाव दिलं. तू आठ वर्षं तिला 'एलिखियोकडे असते ती मुलगी' म्हणतेस, तेही मी त्यांना सांगितलं आहे. तुला कोर्टात पहिला प्रश्न येईल तो नात्याचाच. मी उत्तर शिकवणार नाही.

तिसरा ता. क. न्यायाधीशबाईंनी यार्लेनीलाही विचारलं होतं, घरात अजून कोण कोण आहे. ती म्हणाली, एक आत्या आहे, लांब राहते. तिला मी आवडत नाही, पण आत्या ती माझीच आहे.