काळजीची जागा

२ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून सकाळचं ऊन थेट गादीवर येतं आणि नळाला दिवसभर पाणी असतं. घरमालकीणबाई खाली राहतात. बोलणं इतकं कमी की किल्ली हातात देताना फक्त, कपडे वाळत घालायला चिमटे लागले तर मागून घ्या, एवढंच म्हणाल्या. मला असंच माणूस हवं होतं. ताईने बळेबळे दिलेला कुकर एवढा मोठा निघाला की त्यात मीच मावेन.

दवाखाना चालत सात मिनिटांवर. कानांचा छोटा दवाखाना. एक डॉक्टर, काउंटरवर काकू आणि श्रवणतपासणीला मी. काकूंनी पहिल्याच दिवशी माझं वय, वजन आणि लग्न न होण्याचं कारण विचारून घेतलं. राग आला नाही. उलट हसू आलं.

ही वही समुपदेशक बाईंनी सांगितली म्हणून. कधी काय होतं ते तारीख घालून लिहायचं. मागच्या मोठ्या इस्पितळात माझ्या टेबलापुढे रोज सत्तर माणसांची रांग असायची. तिथेच एका सकाळी छाती आवळली, हात गार पडले, आणि आपण मरतोय याची मला खात्री पटली. नंतर असं तीनदा झालं. तिन्ही वेळा कार्डिओग्राम स्वच्छ. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, तुमचं काळीज ठणठणीत आहे, काळजी तेवढी सोडा. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन न्हाणीघरात दार लावून तासभर बसले.

आज मात्र काहीच झालं नाही. भूकही लागली.

४ फेब्रुवारी, बुधवार

काम आवडलं. तपासणीची आवाजबंद केबिन आहे, तिला इथे सगळे पेटी म्हणतात. दुहेरी दार, आतून राखाडी स्पंज, एक खुर्ची आणि माझ्या टेबलाकडे जाड काच. पेशंट आत हेडफोन लावून बसतो. मी बाहेरून बारीक आवाज सोडते, ऐकू आला की तो बटण दाबतो, माझ्याकडे दिवा लागतो. आतल्या माणसाचं बोलणं मला टेबलावरच्या स्पीकरवर ऐकू येतं. बस, एवढंच. रांग नाही, आरडाओरडा नाही.

तरी दुपारी झालंच. आधी डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, मुंग्या. मग घशात गोळा, गिळला तरी जाईना. मग छाती. काकूंना, डोळ्यात काहीतरी गेलंय, असं सांगून उठले. म्हणजे इथेही ते आलंच माझ्यामागून.

फोनवर समुपदेशक बाई म्हणाल्या, काळजीला हाकलू नका, तिला वेळ नेमून द्या. रोज पंधरा मिनिटं, एकच ठरलेली जागा. तिथे बसून मनसोक्त काळजी करायची, श्वास मोजायचा – चार आकडे आत, चार रोखायचा, सहा आकडे बाहेर – आणि उठताना तिला तिथेच ठेवून यायचं. इतर वेळी आली तर सांगायचं, आत्ता नाही, दीड वाजता भेट.

९ फेब्रुवारी, सोमवार

जागा सापडली. जेवणाच्या सुट्टीत पेटी रिकामी असते.

दार लावलं की आवाज कापून टाकल्यासारखा जातो. मग हळूहळू आपलंच ऐकू यायला लागतं. मान वळवली की आत करकर होते, पापणी मिटल्याचासुद्धा आवाज येतो. दीड ते पावणेदोन मी जे जे वाईट होऊ शकतं ते सगळं एकेक करून काढलं. ताईचं विमान पडलं, माझी नोकरी गेली, मेंदूत गाठ निघाली. बोटांना मुंग्या आल्या, येऊ दिल्या. श्वास मोजला. उठताना खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हटलं, बस इथेच.

आणि खरंच, बाहेर आले तर खांदे हलके. संध्याकाळी भाजी घेताना लक्षात आलं की मी गुणगुणतेय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवसांत एकदाही नाही. झोप लागते, ढेकर येते, माणसात आल्यासारखं वाटतं. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, बघ, मी पहिल्यापासून सांगत होते, सगळे मनाचे खेळ. ताई कशालाच घाबरत नाही. लहानपणी माझ्या पलंगाखाली वाकून बघायचं काम तिचंच असायचं. तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

आज एक निवृत्त शिंपीकाका तपासणीला आले होते. बाहेर आल्यावर फार सभ्यपणे म्हणाले की, आत त्या बाई बसतात त्यांना जरा हळू श्वास घ्यायला सांगा, त्यामुळे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मी म्हटलं, काका, आत कुणीच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे. म्हणाले, बरं. म्हातारी माणसं आपल्याच श्वासाला घाबरतात, काकू म्हणाल्या. काकूंनी आणि मी यावर चहा पिता पिता हसून घेतलं. आता लिहिताना वाटतंय, हसायला नको होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

एक शाळेतल्या बाई आल्या होत्या. मी आवाज सोडलेला नसताना बटण दाबत होत्या. असं करतात लोक, ऐकू आल्यासारखं वाटतं. पण त्यांचं दाबणं ठरावीक होतं. सहज म्हणून घड्याळ लावलं. बटण दाबून चार सेकंद धरायच्या. सोडून चार सेकंद थांबायच्या. मग सहा सेकंद धरायच्या. पुन्हा चार.

विचारलं, काय ऐकू येत होतं? म्हणाल्या, कुणीतरी श्वास ओढतं आणि सोडतं, मला वाटलं हीच तुमची तपासणी.

यंत्रवाला येऊन गेला. यंत्रात दोष नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेच्या बाई परत आल्या, कानासाठी नाही. शुक्रवारपासून घशात काहीतरी अडकलंय. वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि छाती आवळली, मुलांना सोडून बाहेर पळाल्या. पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं म्हणाल्या. डॉक्टरांनी घसा बघितला, स्वच्छ. त्या जाताना मी जिन्यापर्यंत गेले आणि विचारलं, हाताला काही होतं का? त्यांनी डावा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

मी काकूंना शिंपीकाकांच्या घरी फोन लावायला सांगितला. त्यांच्या बायकोने उचलला. तपासणी झाल्यापासून काका घराबाहेर पडलेले नाहीत. सुईत दोरा ओवता येत नाही, डावा हात बधिर आहे म्हणतात.

आज दीड वाजता मी पेटीत गेले नाही. डबाही खाल्ला नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मला काहीच होत नाहीये. हे नीट लिहायला हवं. काल रस्ता ओलांडताना गाडी अंगावर आली, चालकाने करकचून ब्रेक मारला, बघणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी नाडी मोजली. चौसष्ट. भीती वाटायला हवी होती तिथे जागा रिकामी आहे. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं मी सारखं तिथे जाऊन बघते.

दीड वाजता टेबलाशीच बसले. पेटी रिकामी, दार बंद, आतला दिवा चालू. स्पीकरचा आवाज वाढवला.

चार आकडे आत. चार काहीच नाही. सहा आकडे बाहेर.

मी माझं नाक-तोंड हाताने दाबून धरलं. ते चालूच राहिलं. शेवटी शेवटी त्यात मध्येच एक आवंढा – मी असाच गिळते. अगदी असाच.

माझीच काळजी ती. तिथे बस म्हटलं, ती बसली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत, ते बरं. आठवडाभर सुट्टी घ्या म्हणाले, आणि मला पटावं म्हणून स्वतः आत जाऊन बसले. दार लावून घेतलं. मी काचेतून बघत होते. अर्धं मिनिट हसरा चेहरा. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

बाहेर आले. म्हणाले, काही नाही आत. डावा हात उजव्या हाताने चोळत होते. चारच्या पेशंटला न बघता घरी गेले.

२ मार्च, सोमवार

डॉक्टर आले नाहीत. काकूंना म्हटलं, तपासण्या सगळ्या रद्द करा, पेटीला कुलूप लावा. कुलूप शोधते म्हणाल्या.

मी पाणी भरायला मागे गेले होते. तीन मिनिटं, फार तर चार. परत आले तर काकू खुशीत – बघा कोण आलंय! ताई. मला चकित करायला न कळवता आली होती. प्रवासात कानाला दडे बसले म्हणाली, तर काकूंनी कौतुकाने, बसा जरा आत, शांत वाटेल –

मी काचेतून बघितलं. ताई खुर्चीत. एक हात गळ्याशी.

दोन्ही दारं कशी उघडली आठवत नाही. बाहेर ओढली तिला. जमिनीवरच बसली, माझा हात धरून. ताईचा हात गार, ओला. मग म्हणाली, "बारके, तुला हे असं व्हायचं? रोज?"

मी हो म्हटलं.

"आणि मी तुला मनाचे खेळ म्हणायचे."

तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

४ मार्च, बुधवार

ताई माझ्या खोलीत आहे. परत जायचं तिकीट होतं, पण जिन्यापर्यंत जाते आणि वळते. भावजींचा फोन घेत नाही, आवाज फुटत नाही म्हणते. मी तिला श्वास मोजायला शिकवते. चार, चार, सहा. तिला जमत नाही. चारवरच रडते. माझे हात कोरडे, माझा आवाज शांत. जिला हे रोज झेलायची सवय होती ती मी, आणि मीच मोकळी बसलेय.

ही काळजी माझी होती. वाईट होती, पण माझी होती. मी ती लोकांच्या खुर्चीत ठेवून आले. तिने तरी काय करावं, जो समोर बसेल त्याला चिकटली.

उद्या जाऊन परत आणायची.

५ मार्च, गुरुवार

दीड. पेटीत आहे. वही बरोबर, म्हणजे हाताला काम राहील. काकू काचेपलीकडे बसल्यात, स्पीकर बंद करून, त्यांच्या कानावर ते श्वास नकोत. पावणेदोनला दार उघडा म्हटलंय.

ऐकू येतंय. खुर्चीच्या डावीकडे. माझ्यापेक्षा भरभर.

आकडे चुकतायत तिचे. तीनवरच सोडते. ती घाबरलीय. एवढे दिवस बंद पेटीत, रोज कुणीतरी नवीन येऊन बसतं आणि निघून जातं – मी तरी थांबायला हवं होतं –

म्हटलं, ये.

करंगळी. मुंग्या. शेजारचं बोट. घशात गोळा – तोच, ओळखीचा. छाती. दुखतंय. दुखतंय ते बरं वाटतंय. रडू येतंय.

एकच श्वास आता. माझाच.

काकूंनी काचेला कागद लावलाय. मोठ्या अक्षरात. ताईंचा फोन होता. जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. हसतायत काकू.

संपलं. श्वास रोखून बघते, खात्रीसाठी. आता इथे शांत हवं. एक, दोन, तीन –

शांत नाही.

उजवीकडे कुणीतरी. घरघर. म्हातारा श्वास. त्याच्यामागे आणखी एक, बारीक, शिट्टीसारखा. माझ्या काळज्या नाहीत या – मी नव्हते तेव्हापासून इथे माणसं कान गमावायच्या भीतीने बसत आलीत – सगळी ती भीती इथेच ठेवून, हलकी होऊन बाहेर गेली असतील –

मी ये म्हटलं ते यांनीही ऐकलं.

जवळ येतायत. म्हटलं, माझी होती तेवढी घेतली, तुम्ही माझ्या नाही, तुमची माणसं येतील – नाही ऐकत. काकू घड्याळ बघतायत. अजून सहा मिनिटं. उठता येत नाही, काच वाजवली, आवाज बाहेर जात –

डावा हात गेला पूर्ण. खांद्यापर्यंत. उजव्याच्याही करंगळीला आता – पेन धरवत नाही – ताईला सांगा इथे यायचं ना