मोठ्या टोपाची कल्हई

आये, आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या हॉटेलाला काल कुलूप लागलं. दारावर नोटीस डकवली आहे, उघडं पाणी, शिळं अन्न, घाणेरडी भांडी. सगळं खरंच असणार, कारण मी तिथे एकदा चहा प्यायले होते आणि कपाला आधीच्या गिऱ्हाइकाच्या ओठांची खूण होती. मालक रस्त्यात उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होता की इन्स्पेक्टरच मेला खडूस. मी जरा वेळ ऐकलं आणि घरी येऊन, कणीक तशीच झाकून ठेवून, तुला लिहायला बसले. तू गेलीस त्या वयापेक्षा आता मी मोठी झाले आहे, त्यामुळे कामं टाकून बसले म्हणून तू ओरडलीस तरी मी ऐकणार नाही.

आपल्याकडे इन्स्पेक्टर आला तो मे महिना मला लख्ख आठवतो. साठ साल नुकतंच उलटलं असेल. बोट अजून मालवण बंदराला लागत होती आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटींना चाकरमान्यांची ही झुंबड. बाबा गेल्यावर बंदराजवळची ती खानावळ हेच आपलं पोट होतं. चुलीपाशी तू, गल्ल्यावर काका. खानावळीचं काही झालं तर मला मुंबईला मामाकडे पाठवायचं आणि तू गावच्या घरी जायचं, हे काकांनी ठरवूनच टाकलेलं. त्यामुळे नगरपालिकेचा माणूस दारात दिसला तशी मी आतल्या दाराआड सरकले. घाटावरून नुकता बदलून आलेला, इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. आल्या आल्या त्याने तुला विचारलं, "बाई, मोरी कुठे आहे?"

तू पदराला हात पुसत म्हणालीस, "चुलीर आसा."

"मोरी? चुलीवर?"

"शिजता हा. वायच थांबा, वाढतंय."

त्याचा चेहरा असा झाला की काय सांगू. "अहो, मोरीचं घाण पाणी कुठे सोडता?" त्याने पुन्हा विचारलं. तू आता भडकलीस. "घाण कित्या आसतली? आमची मोरी ताजी आसा, सकाळीच इली." गिऱ्हाइकं पानावर हसायला लागली तेव्हा काकांनी मध्ये पडून साहेबाला समजावलं, की आमच्याकडे मोरी म्हणजे मुशी मासा, आणि तुम्ही विचारताय तिला आम्ही न्हाणी म्हणतो. तो गृहस्थ इतका हसला की त्याला टेकून बसावं लागलं. मग काय, वातावरणच निवळलं. न्हाणी त्याने वरवर पाहिली. ताटं पुसायचं फडकं आणि बाकं पुसायचं फडकं एकच आहे म्हणून टोकलं, पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवा म्हणाला. काकांनी त्याच्यासाठी केळीचं पान मांडायला घेतलं. त्याने वही मिटली आणि बसता बसता, विचारायचं म्हणून विचारलं, "भांड्यांना कल्हई आहे ना?"

"आसा तर. शिमग्याआधीच केली," काका म्हणाले.

आणि तू म्हणालीस, "नाय. मोठ्या टोपाक नाय."

मी दाराआड उभी आहे, काकांची मान तुझ्याकडे वळते आहे, तू कुणाकडेच बघत नाहीस. कल्हईवाला आला होता तेव्हा एवढं मोठं भांडं दिवसभर चुलीवरून काढणं परवडणार नाही म्हणून तूच त्याला परत पाठवलं होतंस, तेही तू सांगून टाकलंस. साहेब उठला, टोपातलं कालवण बाजूला सारून पळीने तळ खरवडला. तांबं उघडं पडलं होतं आणि कोकमाच्या सोलांच्या आंबटाने कडेला हिरवट कळंक चढला होता. तो वही उघडून लिहायला लागला. कल्हई करून, बाकीचं सगळं नीट करून, तो पुन्हा तपासून जाईपर्यंत खानावळ बंद. तू गिऱ्हाइकांना पानांवरून उठवलंस, हात जोडलेस आणि सगळं कालवण परसात खड्डा खणून पुरलंस, कुत्र्या-मांजरांनीही खाऊ नये म्हणून. काका थयथयाट करत होते. "वैनी, गप रवाक तुका काय झाला हुता? तो जेवन गेलो असतो." तू खड्ड्यावर माती लोटत म्हणालीस, "बोटीची माणसा ती. पोटात दुखला तर दर्यात खंय जातली?"

एवढंच. त्यात मोठेपणा नव्हता की कसला आव नव्हता, उलट घरात येऊन तू भिंतीला टेकून रडलीस. तुला भीती वाटत नव्हती असं मला कुणी सांगू नये. पुढे मी नोकरी केली, संसार केला, खोटं बोलून सहज सुटता येईल अशा जागी पुष्कळदा सापडले. दर वेळी तुझं ते 'नाय' कानात वाजलं आणि मी अडचणीत आले. आये, त्या अडचणींबद्दल मी तुझी फार आभारी आहे. हे तुला कधी तोंडावर सांगितलं नाही, आपल्याकडे आईचे आभार कोण मानतो.

साहेब पुन्हा आला, टोपात स्वतःचं तोंड दिसतंय म्हणाला आणि खानावळ सुरू झाली, मला मुंबईला जावं लागलं नाही. पण मधले ते दिवस. चुलीवर फक्त आपल्या दोघींपुरतं शिजायचं. तू माझी वेणी घालायचीस, तीही घाई न करता. माझ्या शेजारी पान मांडून, बसून जेवायचीस. तुला बसून जेवताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी तू देवापुढे हात जोडून खानावळ उघडायची परवानगी मागायचीस आणि मला म्हणायचीस, तूही माग गो. मी डोळे मिटायचे. आज सांगते, मी मागत होते ते असं, की परवानगी येऊ दे, पण इतक्यात नको.