पाच सेकंदांची जागा

३ मार्च, सकाळी ७
सूनबाईची तब्येत कशी आहे? चिरंजीवांचा खोकला? विहीणबाईंचे गुडघे? व्याह्यांचं बीपी? हा धडा पहिला, इंग्रजीतून. चौकशीने सुरुवात केली की माणूस मोकळा होतो.
चिरंजीवांनी लग्न तिकडेच, परदेशात केलं. सूनबाईला मराठी नाही, मला तिची भाषा नाही. मधे उरली इंग्रजी, तीही दोघांना परकी. जूनमध्ये येतायत. तोवर व्हिडिओ पाठवून तिला बोलती करायची. छत्तीस वर्षं फिटर होतो, इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलवरून शिकलो. म्हणजे पाया पक्का.

४ मार्च
फोन साखरेच्या डब्याला टेकवून रेकॉर्डिंग. पद्धत माझी स्वतःची: प्रश्न विचारायचा, मग पाच सेकंद गप्प. त्या जागेत विद्यार्थ्याने उत्तर द्यायचं.
ओघात 'हाउ इज युअर मदर-इन-लॉ?' हेही विचारून बसलो. म्हणजे आमची ही. हिला जाऊन दोन वर्षं होतील. कापायला हवं. कापायचं बटण सापडलं नाही.

९ मार्च
चिरंजीवांना लिंक चार तारखेलाच गेली. पाच दिवसांत पाच व्ह्यूज. रोज एक, तोही शेवटपर्यंत. सूनबाई चिकाटीची आहे.
मीही रोज सकाळी टीव्हीवर लावून तपासतो. उत्तरं मोठ्याने देतो, पाच सेकंद पुरतात का बघायला. पुरतात. फक्त मदर-इन-लॉच्या जागेत गप्प बसतो. तिथे पाच सेकंद फार होतात.

१७ मार्च
धडा सहावा. 'डू नॉट ओपन द कव्हर.' 'कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन.' घरात रोज लागणारी वाक्यं.
शेजारीण विचारून गेली, काका, सकाळी कोण येतं हो गप्पा मारायला? म्हटलं, क्लास असतो. म्हणाली, बरं झालं, घरात आवाज हवा.

२ एप्रिल
तो प्रश्न कापून घ्यायला मोबाइलवाल्याकडे गेलो. त्याने फोन चाळला आणि म्हणाला, काका, हे सगळे व्ह्यूज टीव्हीवरचे आहेत, तुमच्याच घरातले. दुसरं कुणी उघडलेलंच नाही. उंटावरचा शहाणा. त्याला इंग्रजी तरी येतं का?
कापू ना, म्हणाला. म्हटलं, राहू दे. आता विद्यार्थिनीला सवय झाली असेल.

११ मे, दुपारी
चिरंजीवांचा फोन. जूनचं जमत नाही, रजा नाही. पुढच्या वर्षी नक्की. व्हिडिओंचं विचारलं तर म्हणाला, कुठले व्हिडिओ, बाबा? मग म्हणाला, अच्छा ते, बघतो.
मग तिला फोन दिला. तिची इंग्रजी म्हणजे उघडा नळ. चार-पाच प्रश्न असावेत. पहिला नक्की 'हाउ आर यू, बाबा?' माझं उत्तर तयार होतं: 'आय ॲम इन वर्किंग कंडिशन.' ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत फोन परत चिरंजीवांच्या हातात. काय म्हणालात बाबा, असं त्याने विचारलं. म्हटलं, काही नाही, रेंज नाही.
दोष माझा नाही. तिला जागा सोडायला कुणी शिकवलेलं नाही.

१२ मे, सकाळी ७
टीव्ही लावला नाही. शेजारीण दारात, आज क्लासला सुट्टी का, काका? म्हटलं, काल परीक्षा झाली. निकाल नाही विचारला तिने. शहाणी आहे.
सूनबाईला चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत, निम्मी मॅन्युअलच्या आधाराने. मराठीत इथे उतरवून ठेवतो:
'मी ठीक आहे. काल विचारलं होतंस, त्याचं हे उत्तर. तू कशी आहेस? त्याचा खोकला? आईचे गुडघे? सासूबाईंचं तू विचारलं नाहीस. कधी विचारलंस तर सांगेन, पण मला जरा वेळ लागेल. उत्तर लवकर पाठव. मी पाच सेकंदांहून जास्त थांबू शकतो.'