तुझ्या तोंडातली वाळू

प्रिय अण्णा,

मंगळवारी सकाळी मी मारुतीला तेल वाहिलं, तुझी सायकल पुसली आणि तिच्यावरूनच बस गाठायला गेलो. तंजावूरच्या कोर्टात तुझ्या खुनाच्या खटल्यात माझी साक्ष होती. काय झालं ते तुलाच लिहितो. अप्पांनी शिकवलेली बाळबोध अक्षरं वाचणारे घरात आपण दोघंच होतो. दुसऱ्या कुणाला लिहू?

लहानपणी आपण शेतात शिरलो की टिटवी ओरडत उठायची, आठवतं? तमिळमध्ये तिला आळ्काट्टी म्हणतात, माणूस दाखवून देणारी. तू मला ढेकूळ मारू द्यायचा नाहीस. "अरे रघू, तिची पिल्लं आहेत तिथं. ओरडेल नाही तर काय करेल?"

गावानं तुला तेच नाव दिलं. आपल्या घरात चहाडखोर हा शब्द किती लाडका होता! लाडू कुणी चोरला ते सांगितलं की अम्मा हा शब्द देई, आणि वर अर्धा लाडू. पोलीस इन्फॉर्मर म्हणतात, जणू नोकरीच. वाळूचे लॉरीवाले म्हणाले, "काट्टिकुडुत्तवन." धरून देणारा. त्या शब्दाच्या मागोमाग फावडं येताना मी तेव्हाच पाहिलं.

आणि तू केलं काय होतंस? कालव्याकाठच्या चहाच्या दुकानात नवे तहसीलदार आले. तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या गल्लीतले, आपल्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. घराबाहेर कुणी मराठी बोलणारं भेटलं म्हणून तू केवढा हरखलास! "तुमच्याकडे उडदाच्या डांगरात दही घालतात की ताक?" ते हसले, तू हसलास. बाकावर वाळूवाल्या सेल्वमचा ड्रायव्हर बसला होता. त्याला एक अक्षर कळलं नाही.

त्याच आठवड्यात तहसीलदारांनी सेल्वमच्या लॉऱ्या नदीत चोरून वाळू भरताना जप्त केल्या. शहरात तेव्हा जिकडे तिकडे नव्या इमारती उठत होत्या, वाळूला मागणी होती. कुणी सांगितलं असेल? ड्रायव्हरला तुमचं हसणं आठवलं.

कालव्याच्या काठावर सेल्वमनं तुला अडवलं. "डेय, तुमच्या भाषेत त्याला काय सांगितलंस?" आणि तू हसलास! "आमच्या घरचं बोलणं होतं, अय्या."

डांगर म्हणायला काय झालं होतं रे? एवढा कसला मान?

फावडं तुझ्या कानामागे बसलं. तू गुडघ्यांवर आलास. ड्रायव्हरनं केस धरून मान मागे ओढली. सेल्वम ओली वाळू मुठीनं तुझ्या तोंडात कोंबत होता. "आता बोल! बोल तुझ्या भाषेत!" मी पलीकडच्या काठावरून उडी टाकली होती. छातीभर पाणी, पाय चिखलात रुतत होते. दुसरा घाव मी पाण्यातून पाहिला. तिसरा नुसता ऐकला. नारळ फुटावा तसा. मी पोचलो तेव्हा तुझा एक डोळा माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या जागी डोळा नव्हता.

अंत्यविधीला भटजी म्हणाले, "तोंडात तुळशीपत्र ठेवा." पान आत जाईना. मी बोटानं वाळू काढत राहिलो. वाळूबरोबर दाताचा तुकडा आला. वैनी बघत होती. पुढे कितीतरी दिवस जेवायला बसलो की ती वाळू माझ्या नखात आहे असं वाटायचं, आणि मी पानावरून उठायचो.

खटला उभा राहायला वर्षं गेली. चहावाल्या कण्णनची साक्ष माझ्या आधी झाली. "मी चहा गाळत होतो, सार. मान खाली होती." सेल्वमचा माणूस आपल्या ओट्यावर येऊन बसला. "तुम्ही देवभक्त माणूस. कशाला कुणाकडे बोट दाखवता? तुम्हालाही तेच नाव पडेल."

आतून वैनी म्हणाली, "पडू दे. मला विधवा नाव पडलं, ते कुणी येऊन परत घेतलं का?"

कोर्टात त्यांच्या वकिलानं विचारलं, "तुमचा भाऊ पोलिसांचा इन्फॉर्मर होता, खरं ना?"

इतकी वर्षं मी दारोदार सांगत फिरलो, नव्हता हो, नव्हता! त्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर मला वाटलं, मी हे कुणाला पटवतोय, आणि कशासाठी? "नव्हता," मी म्हणालो. "पण असता, तर त्याच्या तोंडात वाळू भरायची होती का?"

वकील कागद चाळू लागला. न्यायाधीशांनी विचारलं, "मारणारे इथं आहेत?"

सेल्वम माझ्याकडेच बघत होता. मनात रामाचं नाव घेतलं आणि हात उचलला. तुझ्या तोंडातली वाळू काढणारं तेच बोट, अण्णा. आधी सेल्वमकडे केलं, मग ड्रायव्हरकडे. "हा. आणि हा." माझा आवाज इतका मोठा निघाला की मागचे लोक उठून उभे राहिले.

निकाल काय लागेल ते राम जाणे. पण परत येताना चहाच्या दुकानापाशी कुणीतरी मागून ओरडलं, "आळ्काट्टी!" मी सायकल थांबवली, वळलो आणि ओ दिली. यापुढेही देईन.

तुझा,
रघू